धाग्याची बटणं घरी करायची आहेत. दोरा कोणता घ्यावा आणि डझनाला वेळ किती लागतो?

दोऱ्याचं आधी सांगून टाकते, नंतर मी वाहवत जाणार आहे. पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा पिळदार सुती दोरा, आठ नंबर. दहा ग्रॅमचा छोटा गुंडा मिळतो, त्यात 85 मीटर दोरा असतो. ही बटणं गोल कडीवर दोरा विणून करतात. 25 मिलिमीटरच्या कडीवर एक बटण करायला अडीच-तीन मीटर जातो, म्हणजे एका गुंड्यात दोन डझन सहज निघतात. बांगड्यांना गुंडाळतात तो चकचकीत ‘सिल्क थ्रेड’ घेऊ नका. बहुतेक वेळा त्यात रेशीम नसतंच, आणि तो असला निसरडा असतो की टाका ओढून बोट उचललं की सैल. पाच नंबरचा पर्ल याहून जाड असतो, चालतो, पण बटण जाडजूड होतं. स्वेटरवर शोभेल, लग्नाच्या कुर्त्यावर नाही.

आता ‘डझनाला वेळ किती’. खरं तर हे वाचूनच लिहायला बसले. हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला केला होता, हातातल्या बटणाकडे न बघता. मी म्हटलं, एकाला पाऊण तास. तो म्हणाला, ‘म्हणजे डझनाला नऊ तास. बाजारात वीस रुपयाला डझन मिळतात.’ हिशोब बरोबर आहे. दादाचे हिशोब नेहमीच बरोबर असतात.

आमचं इचलकरंजीत शिवणाचं दुकान. बाबा कोट शिवायचे आणि काज-बटण आई घरी करायची, आमचंही आणि आणखी दोन टेलरांचंही, नगावर. कोटाचं काज ज्यांनी हाताने केलंय त्यांनाच त्यातली मेख कळेल. कापलेल्या कडेला जाड दोरा धरायचा आणि त्यावरून टाके इतके लागून घालायचे की मध्ये सुईचं टोक शिरता कामा नये. टाक्याची गाठ बरोबर कडेवर बसली पाहिजे. एक जरी गाठ आत सरकली तरी आई सगळं उसवायची. दोरा मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढून घ्यायची. त्या खड्यावर दोऱ्याच्या बारीक खाचा पडलेल्या असायच्या आणि आम्ही पोरं त्या नखाने उकरून बोलणी खायचो. मी दहा वर्षांची असताना तिने मला शर्टाच्या काजावर बसवलं. 2003 मध्ये दादाने काजाचं मशीन आणलं. आईला आराम, असं त्याचं म्हणणं. आईला कोणी विचारलं नाही.

लग्नानंतर आम्ही काही वर्षं इंग्लंडात होतो, डॉर्सेटमध्ये, पूल नावाच्या गावात. 2013 च्या हिवाळ्यात तिथल्या वाचनालयात बटणांचा वर्ग लागला. घरात बसून कंटाळले होते, गेले. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीला एक पितळेची कडी दिली आणि म्हणाल्या, हिच्याभोवती बटनहोल टाका घालत जा. बटनहोल टाका! म्हणजे आमचा काजाचाच. बाकीच्या जणी सुई कुठून काढायची ते बघत होत्या, तोवर माझी कडी भरून झाली. बाईंनी ती उचलून सगळ्यांना दाखवली. पस्तिशी उलटलेल्या बाईला पाटी दाखवणाऱ्या पोरीसारखा आनंद होतो, हे मला तेव्हा कळलं.

ही बटणं तिथलीच. 1622 मध्ये डॉर्सेटमधल्याच शाफ्ट्सबरी गावात येऊन राहिलेल्या अब्राहम केसने हा धंदा उभा केला असं तिथे सांगतात. आधीची बटणं मेंढीच्या शिंगाच्या चकतीवर कापड ताणून, वरून दोरा विणून करत, शंकूसारखी उंच. तारेच्या कड्या नंतर आल्या. मग लहान पोरांनाही काम लागलं. कुणी तार पिळायचं, कुणी तिचे जोड डाखात (सोल्डरमध्ये) बुडवायचं, कुणी 144 कड्यांची एकेक माळ ओवायचं. विणायचं काम बायका घरी बसून करायच्या. शेतमजुरांच्या बायका, शेतातल्या मजुरीपेक्षा बरे पैसे आणि डोक्यावर छप्पर म्हणून. शाफ्ट्सबरीच्या गोल्ड हिल म्युझियममध्ये ती जुनी बटणं काचेआड ठेवली आहेत. काही तर हरभऱ्याच्या दाण्याएवढी, आणि तरी मधले चाकासारखे आरे मोजता येतात. दिव्याच्या उजेडात ही करताना कुणाचे डोळे गेले असतील, हाच विचार माझ्या मनात आला. बाहेर पर्यटक गोल्ड हिलच्या प्रसिद्ध फरसबंदी चढावर फोटो काढत होते.

मग 1851 मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात बटणं करणारं मशीन मांडलं गेलं आणि थोड्याच वर्षांत हा धंदा बसला. कितीतरी कुटुंबं गाव सोडून ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला गेली. हे सगळं मी त्या रात्री फोनवर दादाला उत्साहाने सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘बघ. तिथेही शेवटी मशीनच आलं ना?’ त्यानंतर बरीच वर्षं आमच्यात बटण हा विषय निघाला नाही.

कृती व्हिडिओंत सापडेल, पण त्यात न सांगितलेलं तेवढं सांगते. कडीभोवती काजाचे टाके घालताना सुरुवातीला गाठ मारू नका, दोऱ्याचं शेपूट कडीला लावून धरा आणि त्यावरूनच टाके घालत जा, आपोआप अडकतं. कडी पूर्ण भरली की टाक्यांच्या गाठींची जी माळ बाहेरच्या कडेला दिसते, ती अंगठ्याने ढकलून आत वळवायची. हे बहुतेक लोक गाळतात आणि मग बटणाची कड खरखरीत का दिसते म्हणून विचारतात. मग दोरा कडीला आडवा-उभा-तिरपा गुंडाळून आरे पाडायचे, मी बारा पाडते. मागचे आणि पुढचे आरे मध्यावर फुलीच्या टाक्याने एकत्र बांधले नाहीत तर केंद्र सरकतं आणि बटण तिरळं बघतं. शेवटी मध्यापासून विणत बाहेर यायचं, दर वेळी एक आरा मागे जाऊन दोन आऱ्यांखालून पुढे. बैलगाडीच्या चाकासारखं दिसतं. डॉर्सेटमध्येही याला ब्लँडफर्ड गावच्या गाडीचं चाकच म्हणतात. सुई बोथट नाकाची घ्या, टोकदार सुई दोरा फाडते. आणि आरे पाडताना मध्येच दोरा संपला तर जोडत बसू नका, सगळे आरे काढा आणि लांब दोरा घेऊन पुन्हा पाडा. विणताना जोडलेला लपतो.

आता 2019. दादाच्या मुलाचं लग्न. भाच्याने स्वतः फोन केला, ‘आत्या, माझ्या जोधपुरीला तुझी बटणं पाहिजेत.’ दादाने नाही. मरून कोट, मी त्याच रंगाची, मध्ये मोतिया दोऱ्याची चाकं असलेली सात बटणं केली, आठ दिवस आधी जाऊन स्वतः लावली. लग्नाच्या सकाळी सात वाजता भाचा कोट घेऊन माझ्यासमोर उभा. वरून दुसरं आणि तिसरं बटण एका बाजूला बसलेलं, कुणी दाबून चपटं केलेल्या बिस्किटासारखं. दादाने आदल्या रात्री दुकानातली जड इस्त्री सरळ बटणांवरून फिरवली होती. तीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. बटणावरून इस्त्री फिरवत नाहीत, हे त्याने दुकानातल्या किती पोरांना शिकवलं असेल!

मी काही बोलले नाही, म्हणजे खूप बोलले. पण मुहूर्त पावणेबाराचा, आणि जवळ कडी नाही. दोऱ्याचा उरलेला गुंडा मात्र पर्समध्ये होता. कडी नसली तर काय करायचं ते लक्षात ठेवा: स्केचपेनभोवती दोरा वीस-पंचवीस वेढे गुंडाळायचा, अलगद उतरवायचा, हीच कडी. काजाचे टाके घातले की ती चांगली कडक होते. मी एक गुंडाळून सुरू केलं. दुसरीसाठी वेळ पुरणार नव्हता. तेवढ्यात आई आतून आली, हातात पत्र्याची डबी. अंगुस्तान बोटात, मेणाचा तोच खडा. सोळा वर्षांत तिने काज केलं नव्हतं, निदान मला तरी माहीत नव्हतं. माझ्या हातातली वेढ्यांची कडी घेऊन चष्म्याखालून बघितली आणि म्हणाली, ‘हे काजच की. गोल आहे एवढंच.’

मग माझं बटण अर्धं होईतो तिची कडी भरून झाली होती. चौऱ्याहत्तर वय. दादा फेट्याचं कापड हातात घेऊन दारात उभा होता. म्हणाला, ‘आई, डोळ्यांना त्रास होईल.’ आईने मान वर न करता मोतिया दोरा त्याच्याकडे केला. ‘दुसरी सुई ओवून दे.’ त्याने दिली ओवून. आरे तिला माहीत नव्हते, ते मी पाडून दिले, विणलं तिनेच. लग्नाच्या अल्बममध्ये दिसतं, वरून तिसरं बटण तिचं. माझ्यापेक्षा घट्ट आहे.

तर डझनाला वेळ किती? हे विचारणाऱ्याने बाजारातली घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळ मोजायचा असेल तर हे काम करू नये.

बरं, हे जरा जास्तच झालं. तुमचं लग्न जवळ असेल आणि खरंच ठरवायचं असेल तर पहिल्या दोन बटणांना दीड-दोन तास जातील आणि ती टाकून द्यावी लागतील. नंतर पाऊण तासावर येतं. रात्री दोन केली तर डझनाला आठवडाभर धरा. गडद लाल किंवा मरून दोरा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग सोडला तर कुर्ता गेला. एकाहून जास्त गुंडे लागणार असतील तर एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्या, रंगाच्या छटा बदलतात. आणि ही बटणं जाड असतात, नेहमीच्या काजात बसत नाहीत, म्हणून काज दोन-तीन मिलिमीटर मोठं ठेवा किंवा सरळ दोऱ्याचा फास लावा.

आणि कड्या पितळेच्या घ्या. पडद्याच्या दुकानात प्लास्टिकच्या स्वस्त मिळतात, हलक्याही असतात, पण इस्त्रीच्या उष्णतेने त्या आतल्या आत वितळतात. भाच्याच्या कोटाला मी प्लास्टिकच्याच वापरल्या होत्या. इचलकरंजीत ऐन वेळी पितळेच्या मिळाल्या नाहीत, आणि कुणाला कळणार आहे, असं मला वाटलं. दादाला हे अजून सांगितलेलं नाही. टाके घालायला सुरुवात करण्याआधी सगळ्या कड्या चुंबकाला लावून बघा, चिकटली तर लोखंडाची आहे, धुण्यात गंजेल.