दंतकथा बनलेली पण खेळायला अवघड कार्डं खऱ्या स्पर्धेत चालतील का?

कार्ड जसं छापलंय तसंच खेळायचं असेल, तर बहुतेक वेळा नाही. पण त्याची किंमत टाळायची एखादी आडवाट सापडली, तर तेच कार्ड स्पर्धा जिंकून देतं. कधीकधी तर त्यावर बंदी घालायची वेळ येते.

यु-गि-ओ या कार्डखेळातले एक्झोडिया, ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन, इजिप्शियन देवता आणि पोकेमॉनच्या कार्डखेळातला पहिला चारिझार्ड, अशी नावं घेऊन तुम्ही विचारलंय की एवढी ताकद असून ही कार्डं स्पर्धेत फारशी का दिसत नाहीत, आणि कोणी नेटाने खेळलं तर जमेल का. यातली प्रत्येकाची अडचण वेगळी आहे, म्हणून एकेक घेतो.

आधी थोडं गणित. यु-गि-ओमध्ये ४० कार्डांचा डेक, एका कार्डाच्या जास्तीत जास्त ३ प्रती आणि सुरुवातीचा हात ५ कार्डांचा. ३ प्रती असलेलं एखादं ठरावीक कार्ड पहिल्या हातात येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के. दोन ठरावीक कार्डं एकत्र हवी असतील, दोन्हींच्या ३-३ प्रती धरून, तर १० टक्क्यांच्याही किंचित खाली. तीन हवी असतील तर २.३ टक्के. कार्डावर ३००० लिहिलंय की ५०००, याने हे आकडे हलत नाहीत. म्हणून अनुभवी खेळाडू कार्ड हातात घेतल्यावर ॲटॅकचा आकडा शेवटी बघतात. आधी बघतात की हे चालायला अजून किती कार्डं लागतील, आणि त्यातलं एक कोणी उडवलं तर उरलेल्यांचं काय करायचं.

चारिझार्डवर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९९९च्या इंग्रजी बेस सेटमधला हा पोकेमॉन १२० एचपीचा (एचपी म्हणजे किती मार सोसेल तो आकडा), आणि त्याचा फायर स्पिन हा हल्ला १०० डॅमेजचा. त्या काळात समोरचे चांगले बेसिक (हातातून थेट खाली येणारे) पोकेमॉन ७० एचपीच्या आसपास असत, म्हणजे एका फटक्यात जवळपास काहीही आडवं. पण हिशेब मांडा. चार्मँडर, मग चार्मिलियन, मग चारिझार्ड. ज्या टर्नला कार्ड खाली ठेवलं त्याच टर्नला ते इव्हॉल्व्ह करता, म्हणजे पुढच्या रूपात नेता, येत नाही. पोकेमॉन ब्रीडर वापरून मधली पायरी गाळता येते, पण ते आणखी एक कार्ड झालं. फायर स्पिनला चार फायर एनर्जी (हल्ल्याचा खर्च भरणारी कार्डं), आणि टर्नला एकच एनर्जी लावायची. तोवर ५० एचपीचा चार्मँडर समोर बसलेला. हिटमॉनचॅन मात्र बेसिक. पहिल्याच टर्नला एक एनर्जी लावली की २० डॅमेज सुरू.

जाणकार इथे म्हणतील की चारिझार्डची एनर्जी बर्न ही पॉवर वापरली की डबल कलरलेस एनर्जी (एकाच कार्डात दोन रंगहीन एनर्जी) दोन फायर म्हणून धरली जाते, म्हणजे दोन टर्नमध्ये काम झालं. बरोबर आहे. पण फायर स्पिन करताना दोन एनर्जी कार्डं टाकून द्यावी लागतात. ती दोन्ही डबल कलरलेसच असली तर एका हल्ल्यानंतर चारिझार्ड रिकामा, आणि अशी कार्डं अख्ख्या डेकमध्ये चारच. शिवाय त्या काळात बहुतेक डेकमध्ये एनर्जी रिमूव्हल आणि सुपर एनर्जी रिमूव्हल असायचीच. सुपर एनर्जी रिमूव्हल एका झटक्यात दोन एनर्जी कार्डं काढते. दोन टर्नची मेहनत एका ट्रेनर कार्डाने गेली!

आता त्याच सेटमधला ब्लास्टॉइज बघा. तोही तीन पायऱ्यांचा, १०० एचपीचा, म्हणजे कागदावर चारिझार्डपेक्षा कमीच. पण रेन डान्समुळे पाण्याच्या पोकेमॉनना एका टर्नला हव्या तितक्या वॉटर एनर्जी लावता येतात. टर्नला एक हा नियमच त्याने मोडला. रेन डान्स हा त्या काळातला खराखुरा स्पर्धेचा डेक होता. चारिझार्ड बहुतेकांच्या अल्बममध्येच राहिला.

कंपनीलाही हे कळतं. २०२३च्या ऑब्सिडियन फ्लेम्समधला चारिझार्ड ईएक्स वाचताना असं वाटतं की कोणीतरी जुन्या कार्डाच्या तक्रारींची यादी समोर ठेवूनच हे लिहिलंय. तो हातातून इव्हॉल्व्ह करून खाली आला की डेकमधून तीनपर्यंत बेसिक फायर एनर्जी शोधून लावायच्या, आणि हल्ल्याला लागतात फक्त दोन. मधली पायरी रेअर कँडीने गाळायची आणि हवं ते कार्ड पिजॉट ईएक्सने टर्नला एकदा शोधायचं. २०२३-२४च्या हंगामात हा डेक अगदी वरच्या फळीत होता. नाव तेच, पायऱ्याही तितक्याच. बदललं ते एनर्जीचं गणित.

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डखेळात या प्रकाराचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे २००६च्या कोल्डस्नॅपमधलं डार्क डेप्थ्स. ही एक लँड आहे, म्हणजे एरवी माना (कार्डं खेळायचं चलन) देणारं कार्ड, पण ती माना देत नाही. तिच्यावर दहा आइस काउंटर (खुणेच्या सोंगट्या) असतात. ३ माना दिले की एक काउंटर निघतो. सगळे निघाले की लँड सॅक्रिफाइस होते, म्हणजे बळी जाते, आणि मॅरिट लेज हा २०/२० (हल्ला २०, टिकाव २०), उडणारा, इन्डिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणारा) टोकन, म्हणजे कार्डाऐवजी सोंगटीने दाखवलेला प्राणी, येतो. समोरच्याचं लाइफ २०, म्हणजे एकच हल्ला पुरे. सरळ मार्गाने खर्च ३० माना, आणि एवढे माना जमेपर्यंत डाव टिकतोय कशाला.

२००९मध्ये व्हॅम्पायर हेक्समेज आली. तिची किंमत २ माना, आणि तिला सॅक्रिफाइस केलं की निवडलेल्या परमनंटवरचे (मैदानात टिकणाऱ्या कार्डावरचे) सगळे काउंटर जातात. तीसचे झाले दोन. २०१३मध्ये थेस्पियन्स स्टेज ही लँड आली, जी डार्क डेप्थ्सची नक्कल होते. नकलेवर काउंटर नसतातच. लेजंडचा नियम (एकाच नावाची दोन लेजंडरी कार्डं एकाला ठेवता येत नाहीत) लागू झाल्यावर नक्कल ठेवायची आणि मूळ सोडायचं. २०११मध्ये मॉडर्न हा फॉरमॅट (कोणती कार्डं चालतील हे ठरवणारा स्पर्धेचा प्रकार) सुरू झाला तेव्हा पहिल्याच बंदीच्या यादीत डार्क डेप्थ्स होतं. लेगसी या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये ते आजही चालतं. तिथे ते फसतं ते स्वॉर्ड्स टू प्लाउशेअर्समुळे (इन्डिस्ट्रक्टिबल असलं तरी एक्झाइल, म्हणजे खेळाबाहेर, होतंच), लँड उडवणाऱ्या वेस्टलँडमुळे, किंवा कराकासमुळे, कारण टोकन हातात परत पाठवला की तो नाहीसाच होतो. म्हणूनच हे डेक हल्ल्याआधी थॉटसीझसारख्या कार्डाने समोरच्याचा हात तपासून घेतात.

एम्राकुलचंही तेच. १५ मानांचं, १५/१५चं हे कार्ड कोणी १५ माना देऊन खेळत नाही. ३ मानांच्या शो अँड टेलने ते हातातून थेट खाली ठेवतात. मात्र असं ठेवल्यावर कास्ट केल्याचा (माना देऊन खेळल्याचा) जादा टर्न मिळत नाही, आणि शो अँड टेलमुळे समोरच्यालाही स्वतःचं एक कार्ड फुकटात ठेवता येतं. हे दुसरं नवखे हमखास विसरतात.

एक्झोडियावर जरा रेंगाळतो, कारण लोकांना सर्वांत जास्त आशा त्याच्याकडून असते. पाच तुकडे हातात आले की तिथल्या तिथे विजय. प्रत्येक तुकड्याची डेकमध्ये एकच प्रत चालते. ४० कार्डांच्या डेकमधून पहिल्या पाचातच पाचही येण्याची शक्यता ६,५८,००८मध्ये एक. म्हणजे डेक उपसायलाच हवा. जुनी रीत अशी: रॉयल मॅजिकल लायब्ररी खाली ठेवायची, प्रत्येक स्पेलला तिच्यावर एक काउंटर चढतो, तीन काढले की एक कार्ड ओढायचं. सोबत अपस्टार्ट गॉब्लिनसारखी एकास एक बदलणारी स्पेल. एकट्याने बसून खेळलात तर हा डेक थक्क करतो.

समोर माणूस बसला की मात्र गडबड होते. ड्रॉल अँड लॉक बर्ड हा हँड ट्रॅप (तुमच्या टर्नला समोरचा थेट हातातून टाकतो ते कार्ड) तुमच्या पहिल्याच अपस्टार्टनंतर टाकला, की त्या टर्नला डेकमधून हातात एकही कार्ड येत नाही. मॉन्स्टरचा परिणाम रद्द करणारं इन्फिनिट इम्पर्मनन्स लायब्ररीवर आलं तर इंजिन बंद. आणि टर्न अर्धवट संपला तर हातात काय राहतं? चार हातपाय, प्रत्येकी २०० ॲटॅकचे. डेकमधलं दर आठवं कार्ड असं स्वतःहून काहीच न करणारं असल्यावर दुसऱ्या टर्नला बचाव कशाने करणार? टर्न संपताना हाताची मर्यादा ६ कार्डांची, त्यामुळे तुकडे साठवायलाही जागा बेताचीच.

यात आणखी एक खड्डा आहे. पॉट ऑफ डिझायर्स दोन कार्डं देतं म्हणून मोह होतो, पण त्यासाठी डेकमधली वरची दहा कार्डं पालथी बॅनिश, म्हणजे खेळाबाहेर, होतात. हातात पॉटसकट पाच कार्डं आहेत आणि पाचही तुकडे उरलेल्या ३५ कार्डांत आहेत असं धरा: त्या दहात किमान एक तुकडा जाण्याची शक्यता ८४ टक्के. एक गेला की बाकीचे चार असून नसून सारखेच, कारण दुसरी प्रत नाही. एक्झोडियाच्या डेकमध्ये हे कार्ड नकोच.

शिवाय मॅच तीन डावांची असते. पहिला डाव समोरचा गाफील असल्याने तुम्ही घेतलातही, पण दुसऱ्यात तो १५ कार्डांच्या साइड डेकमधून (डावांच्या मध्ये बदलायच्या राखीव कार्डांतून) नेमकी औषधं काढतो. कथेतल्या नायकाला तेवढा एक सामना जिंकायचा असतो. इथे दिवसभर फेऱ्या खेळायच्या असतात. एखादा डाव जिंकण्यासाठी एक्झोडिया ठीक आहे, स्पर्धा काढण्यासाठी मी तो कोणाला सुचवणार नाही.

ब्लू-आइजची गोष्ट उलटी. ३००० ॲटॅक, लेव्हल ८, सरळ बोलवायला दोन ट्रिब्यूट (मैदानातले मॉन्स्टर बळी द्यायचे), वर स्वतःचा परिणाम शून्य. तरी २०१६ची ऑर्लँडोतली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ब्लू-आइज डेकने जिंकली. त्या डेकमध्ये मूळ ड्रॅगन ट्रिब्यूट देऊन बोलवायला ठेवलेला नव्हताच. हातातला मूळ ड्रॅगन नुसता दाखवला की ब्लू-आइज ऑल्टरनेटिव्ह व्हाइट ड्रॅगन खाली येतो, तोही ३०००चा, आणि टर्नला एकदा समोरचा एक मॉन्स्टर उडवतो (तो उडवला तर त्या टर्नला स्वतः हल्ला करत नाही). ट्रेड-इनला मूळ ड्रॅगन टाकला की दोन कार्डं मिळतात. द व्हाइट स्टोन ऑफ एन्शंट्स ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) गेला की त्या टर्नच्या एंड फेजला, म्हणजे शेवटी, डेकमधून थेट ब्लू-आइज येतो. नको तेव्हा हातात अडकणारं कार्डच इंधन झालं.

तुमच्या आवडीचं कार्ड चालेल का हे बघायला पैसे घालवू नका; कागदावर नावं लिहून डेक लावा. तीस हात ओढा, आणि प्रत्येक वेळी कार्ड कितव्या टर्नला कामाला लागलं ते टिपा. मग तेच हात पुन्हा खेळा, पण या वेळी दरवेळी तुमची सर्वांत महत्त्वाची एक खेळी रद्द झाली असं धरा. या दुसऱ्या रकान्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. खेळी रद्द होऊनही निम्म्याहून जास्त हातांत तुमच्याकडे करण्यासारखं काही उरत असेल, तर डेकवर पुढे काम करण्यात अर्थ आहे. नसेल, तर आधी त्या कार्डाच्या प्रती कमी करून बघा. बऱ्याचदा तीनाच्या जागी एक प्रत आणि तिला शोधणारी दोन कार्डं हे जास्त नीट चालतं.

राहिल्या देवता. ओबेलिस्क ४०००चा आहे, स्लायफर हातातल्या दर कार्डामागे १०००चा, आणि दोघांनाही तीन ट्रिब्यूट. तीन मॉन्स्टर जमले असतील तर आजच्या डेकला त्यांतून लिंक किंवा एक्सीझ करणं (ते मॉन्स्टर वापरून वेगळ्या ढिगातला तगडा मॉन्स्टर आणणं) जवळजवळ नेहमीच जास्त फायद्याचं.

रा मात्र वेगळ्याच दाराने आत शिरला. द विंग्ड ड्रॅगन ऑफ रा – स्फिअर मोड या रूपात तीन ट्रिब्यूट समोरच्याच्या बाजूचे घेता येतात, आणि हा गोळा त्याच्याच मैदानात बसतो. तो हल्ला करत नाही, आणि पुढच्या टर्नच्या एंड फेजला तुमच्याकडे परत येतो. ट्रिब्यूट म्हणजे नाश नव्हे आणि टार्गेट करणंही (परिणामासाठी नेम धरून निवडणंही) नव्हे, त्यामुळे ‘नष्ट होत नाही’, ‘टार्गेट होत नाही’ असं लिहिलेले मॉन्स्टरही निमूट जातात. दुसऱ्या क्रमांकाने खेळताना साइड डेकमधून काढायचं कार्ड म्हणून त्याने चांगलं नाव कमावलं. पण त्यात तुमचं त्या टर्नचं नॉर्मल समन (टर्नला एकदाच मिळणारं साधं बोलावणं) खर्च होतं, आणि समोरचा त्याच्या टर्नला तो गोळा लिंक मटेरियल म्हणून वापरून टाकू शकतो, म्हणून त्याच टर्नला डाव संपवायची तयारी हवी. आणि समोरचा डेक दोनच मॉन्स्टरवर थांबणारा असेल तर स्फिअर मोड हातात नुसता पडून राहतो. तिथे दोन ट्रिब्यूट घेणारा लाव्हा गोलेम ठेवा, किंवा नॉर्मल समन राखायचं असेल तर एकच घेणारा कायजू गटातला मॉन्स्टर.