सव्वा मूठ गहू कुणाच्या नावाचे?

वाचक विचारतात : देव मानणे, न मानणे

प्रश्न : पुण्याला नोकरी करणारा आमचा मुलगा यंदा म्हणाला, "मी देव मानत नाही, माझ्या नावाचे गहू मोजू नका." खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायची आमची रीत. त्याचे मोजावेत की नाही? घरात अबोला धरलाय. (पारोळा)

उत्तर : मोजा. सव्वा मुठीचा हिशेब कुळातल्या पुरुषांचा आहे, भक्तांचा नाही. पाळण्यातल्या पोराचे गहू मोजताना त्याची श्रद्धा कुणी विचारत नाही. रोट भाऊबंदांतच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत, यातूनही तेच दिसते. ही कुळाची शिरगणती आहे. (बायकांच्या नावाची मूठ का नाही, हे तुमच्या मुलाने विचारले असते तर उत्तर द्यायला आम्हांलाही जड गेले असते.)

देव मानण्यामागे घरची वहिवाट असते, कधी स्वतःला आलेला अनुभव, कधी तर्क. वहिवाट तर्कावर उभीच नसते, त्यामुळे मुलाने कितीही युक्तिवाद केले तरी ती हलणार नाही. आणि "आपल्याकडे असंच असतं" हे तर्क मागणाऱ्याला उत्तर होत नाही. तुम्ही दोघे वेगवेगळ्या मापाने एकच पोते मोजताय. गहू मोजा, रोट खायला बोलवा, आरतीला हात जोडायची सक्ती करू नका.

प्रश्न : तत्त्वज्ञानाच्या तासाला न्यायदर्शनाचे ईश्वरानुमान, म्हणजे ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करणे, शिकवले. घडा आणि कुंभार कळला. त्यावर विरोधकांचे म्हणणे काय, ते डोक्यावरून गेले. (अमळनेर)

उत्तर : प्रतापशेठजींनी १९१६ साली जिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले त्या गावातून हा प्रश्न आला, बरे वाटले. आधी अनुमानाचे पाच अवयव, म्हणजे पायऱ्या, नीट मांडून घ्या. प्रतिज्ञा : पृथ्वी, कोंब वगैरेंना कर्ता आहे. हेतू : कारण ती कार्ये आहेत, म्हणजे आधी नव्हती, नंतर झाली. उदाहरण : जे जे कार्य, त्याला कर्ता असतो, जसा घडा. उपनय : पृथ्वी वगैरेही तशीच कार्ये आहेत. निगमन : म्हणून त्यांना कर्ता आहे. एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, ईश्वर शून्यातून जग काढत नाही. परमाणू नित्यच आहेत, तो त्यांची जुळणी करतो. कुंभारही माती निर्माण करत नाही.

आता पहिल्या पावसावर टोबलेली सरकी बघा. काही दिवसांत ढेकूळ उचलून वाकडी मान वर येते, मग दोन जाड पाने उघडतात. कोंब हे कार्य आहे, पण शेजारी बसून तो घडवणारा कुणी दिसत नाही. विरोधक म्हणतो, झाला तुमचा हेतू व्यभिचारी, म्हणजे कर्ता नसतानाही आढळणारा. नैयायिक म्हणतो, कोंब मी पक्षातच, म्हणजे वादाच्या विषयातच, धरलाय. ज्याच्याबद्दल वाद चालू आहे, तोच माझ्याविरुद्ध साक्षीला कसा उभा करता? नियमाने हे बरोबर आहे. तरी कर्ता न दिसणारी प्रत्येक वस्तू पक्षात ओढली, तर उलटे उदाहरण सापडणार तरी कुठून? आम्हांला हा बचाव थोडा रडीचा वाटतो.

दुसरा घाव जास्त खोल आहे. त्याचे नाव उपाधी, म्हणजे नियमात लपलेली अट. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असे म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालभडक फाळात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले लाकूड लागते. ते ओले लाकूड ही इथली उपाधी. तसेच घड्याला कर्ता आहे तो 'कार्य' म्हणून नव्हे, शरीराने घडवला म्हणून, असे विरोधक म्हणतो. ईश्वराला तर शरीर नाही. आहे म्हटले, तर ते कुणी घडवले? मीमांसक कुमारिल भट्टांचा रोख इथेच आहे. नैयायिकांचे उत्तर असे : कर्ता व्हायला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न पुरतात, शरीर अटळ नाही. उदयनाचार्यांची न्यायकुसुमांजली ईश्वरसिद्धीसाठीच लिहिलेली आहे. पेपरात उपाधीपर्यंत पोचलात तरी पुष्कळ.

प्रश्न : मी देव मानत नाही. म्हणजे मी नास्तिक ना? (धुळे)

उत्तर : बोलीभाषेत हो. शास्त्रात नास्तिक म्हणजे वेदांचे प्रामाण्य न मानणारा. म्हणून वेद प्रमाण मानणारे, पण जगाचा कर्ता न मानणारे मीमांसक आस्तिक ठरतात, आणि जैन, बौद्ध, चार्वाक नास्तिक. तुमच्यासाठी नेमका शब्द निरीश्वरवादी.

प्रश्न : रात्रीच्या लाईटीवर पाणी भरताना शालकाला साप चावला. भगताने मंत्र म्हणून विष उतरवले, तो बरा झाला. डोळ्यांदेखतचा अनुभव खोटा कसा? (यावल)

उत्तर : अनुभव खरा, त्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा. कागदावर चार खाने पाडा : भगताकडे नेला आणि वाचला; नेला आणि दगावला; नेला नाही आणि वाचला; नेला नाही आणि दगावला. गावात चर्चा फक्त पहिल्या खान्याची होते. दुसऱ्या खान्यात "उशीर झाला" किंवा "पाळणूक चुकली" असे लिहून भगताला मोकळे केले जाते. तिसरा खाना तर कुणी भरतच नाही.

पाण्याकाठी दिवड आणि बांधावर धामण नेहमीची, दोन्ही बिनविषारी. तिथे मंत्र म्हटला काय, न म्हटला काय. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. घात होतो तो मण्यारीच्या दंशात. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, दाताची खूण धड दिसत नाही, म्हणून "उतरले" असे वाटते. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, आणि ते शिरेतून द्यावे लागते.

चावलेल्या जागी चीर देऊ नका, दोरी आवळू नका. पाय खपाटी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे नेण्यापासून अडवून मंत्रोपचार करणे हा गुन्हा आहे. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा यांना त्यात हात लावलेला नाही. भगत ऐकणारा असेल तर त्यालाही गाडीत घ्या. मंत्र रस्त्याने म्हणता येतो, सलाइन दवाखान्यातच लागते.