सोलापुरात मिळणारे म्हशीचे मांस खाणे सुरक्षित आहे का?
महाराष्ट्रात २०१५पासून बैलाच्या मांसावरही बंदी असल्याने आपण म्हशीच्या मांसाबद्दलच विचारले आहे, हे योग्यच. जनावराला प्रतिजैविके (अँटिबायोटिक औषधे) दिल्यावर त्यांचा अंश मांसात राहू नये म्हणून ठरावीक दिवस थांबूनच ते कापायचे असते, पण तो काळ पाळला गेला की नाही, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. तरीही मला अधिक काळजी जंतूंची वाटते. अखंड तुकड्यावर ते बहुधा वरच्या बाजूलाच असतात, खिम्यात मात्र आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा मध्यभागी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावा, नुसत्या रंगावर विसंबू नये. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खिमा डोळ्यांदेखत करून घ्यावा आणि (मी स्वतः बर्फ घातलेला डबा सोबत नेतो) वाटेत कुठेही न थांबता घर गाठावे.