जर्मनीत वीज कंपन्यांचं पेनटेस्टिंग: येण्याआधी काय शिकावं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात चार वर्षं वेब आणि नेटवर्कचं पेनटेस्टिंग (परवानगीनं यंत्रणेत घुसून कच्चे दुवे शोधणं) केलंय, ओएससीपी हे त्यातलं सर्टिफिकेट आहे, वडील महापारेषणमधून निवृत्त. जर्मनीत ओटीचं, म्हणजे वीजजाळ्यासारखी यंत्रं चालवणाऱ्या संगणकांचं, काम मिळेल का, आणि जर्मन कितपत यायला हवं?

काम आहे. आपल्याकडे महावितरण म्हटलं की बहुतेक महाराष्ट्र आला. इथे वितरणाचं जाळं चालवणाऱ्या आठशेहून जास्त कंपन्या आहेत. कित्येक तर एकेका गावाच्या ‘श्टाटवेर्के’, वीज-गॅस-पाणी सगळं एकाच छपराखाली. 2014 साली एट्लिंगेनच्या श्टाटवेर्केनं स्वतःहून हॅकर बोलावला, आणि तो थेट कंट्रोल रूमच्या यंत्रणेपर्यंत पोचला.

पण हे काम म्हणजे फोडाफोडी नव्हे. चालू नेटवर्कवर एनमॅप (नेटवर्कवरची यंत्रं धुंडाळणारा स्कॅनर) मोकाट सोडायचा नाही. पहिल्याच वर्षी मी नेहमीच्या वेगानं स्कॅन लावला आणि एक जुना पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा कंट्रोलर) गपगार झाला. लॅब होती म्हणून निभावलं. खऱ्या ठिकाणी मिरर पोर्टवरून (जिथे नेटवर्कवरच्या संदेशांची प्रत मिळते) नुसतं ऐकायचं. ठोकून बघायचं ते शटडाउनमध्ये, किंवा नवी यंत्रणा ताब्यात घेण्याआधीच्या चाचणीत, तेही लेखी परवानगी हातात असताना. आणि कंट्रोल रूम सबस्टेशनशी ज्या 104 प्रोटोकॉलनं बोलते ‘तो पासवर्ड मागत नाही’ असं रिपोर्टात लिहून शाबासकीची वाट बघू नकोस, ते तिथल्या सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांना हवी असते ती वाट: ऑफिसच्या ईमेलपासून ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारा मोठा स्विच) उघडण्याच्या आदेशापर्यंत कुठून कसं जाता येतं. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनात सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले ते असेच. आधी फसवी ईमेल, मग चोरलेले पासवर्ड, शेवटी ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत आपोआप सरकणारा माउस. मला ही वाट बहुतेकदा पुरवठादाराच्या रिमोट मेंटेनन्सच्या जोडणीत सापडते.

जर्मन बी1 (मधली पातळी; ए1 सगळ्यात खालची) करूनच ये. नोकरी इंग्रजीवर मिळेलही, पण सबस्टेशनच्या दारात सुरक्षेच्या सूचना जर्मनमध्ये सांगतात आणि त्या कळल्या नाहीत तर आत सोडत नाहीत. एकदा अख्खी सकाळ मी गाडीत बसून काढली आहे. शिवाय ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) कायमच्या वास्तव्याचा परवाना ए1 असेल तर 27 महिन्यांनी मिळतो, बी1 असेल तर 21.

निघण्याआधी आणखी एखादं सर्टिफिकेट नको करूस. बाबांजवळ बस, सिंगल लाइन डायग्राम (वीजजाळ्याचा एकरेषी नकाशा) वाचायला शिक. ब्रेकर उघडायच्या आधी आयसोलेटर (दुरुस्तीसाठी वीजजोडणी वेगळी करणारा स्विच) ओढला तर काय होतं, त्यांनाच विचार. माझ्या मुलाखतीत एक्सप्लॉइटवर (कच्च्या दुव्यातून करायच्या हल्ल्यावर) एकच प्रश्न आला, बाकी तासभर हेच चाललं होतं.