खांद्याच्या फिजिओथेरपीला पहिल्यांदा जाताना

प्रश्न : माझे वय 54 असून मला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. काही महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो. अंबाडा घालता येत नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी ‘फ्रोझन शोल्डर’ असे निदान करून फिजिओथेरपी सुचवली आहे. पहिल्या भेटीला काय न्यावे, साडी नेसून गेले तर चालेल का, आणि दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घ्यावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पहिल्या भेटीचा बराचसा वेळ विचारपूस आणि मोजमाप यांत जातो, प्रत्यक्ष उपचार त्या दिवशी थोडेच होतात. त्यामुळे फाइलपेक्षाही मोठी तयारी म्हणजे आपल्या खांद्याची आपल्यालाच नीट माहिती असणे. बहुतेक रुग्ण ‘हात वर जात नाही’ एवढेच सांगून थांबतात, आणि तेवढ्यावरून फारसे काही ठरवता येत नाही. अंबाडा घालताना हात नेमका कुठे अडतो, फळीवरचा डबा काढताना दुखते की हात पोहोचतच नाही, रात्री दुखण्याने जाग येते का, एकदा दुखू लागले की किती वेळ दुखत राहते, हे भेटीपर्यंत पाहून ठेवा. दुखणे पडल्यामुळे किंवा हिसका बसल्यामुळे सुरू झाले की आपोआप, हेही आठवा. ‘मला पुन्हा दोन्ही हातांनी अंबाडा घालायचा आहे’ असे स्पष्ट सांगितलेत, तर व्यायामांची आखणी त्या दृष्टीने करता येते.

तपासणीत आधी तुम्हाला स्वतः हात उचलायला सांगतील आणि मग तोच हात फिजिओथेरपिस्ट उचलून पाहतील. एकच गोष्ट दोनदा कशासाठी, असे वाटेल. पण फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचे आवरण आकसलेले असल्याने हात कोणीही उचलला तरी अडतोच, उलट स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा कंडरा फाटला असेल तर स्वतःला न उचलता येणारा हात दुसऱ्याला बराच वर नेता येतो. कोपर कमरेशी टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवायलाही सांगतील. या आजारात सहसा हीच हालचाल सर्वांत जास्त अडते. हे कोन गोनिओमीटर नावाच्या कोनमापकाने मोजून नोंदवले जातात. ते आकडे तुम्हीही लिहून घ्या. असा खांदा पूर्ण मोकळा व्हायला एक ते तीन वर्षेही लागू शकतात, आणि इतक्या संथ गतीत ‘काहीच फरक नाही’ असे वाटू लागते, तेव्हा जुने आकडे उपयोगी पडतात.

मधुमेहींमध्ये हा आजार इतरांपेक्षा अधिक आढळतो, म्हणून एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू औषधांची यादी यांच्याबरोबर एचबीए1सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, अलीकडचा रिपोर्टही न्या. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी मात्र जाऊ नका. व्यायामात साखर एकदम उतरू शकते. तुमच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात त्वचेची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि मग शेक जास्त गरम आहे हे कळायच्या आत त्वचा भाजते. शेक देण्याआधी गरम आणि गार पाण्याच्या नळ्या त्वचेला लावून संवेदना तपासण्याची पद्धत आहे. ती कोणी टाळत असेल, तर आठवण करून द्यायला संकोच करू नका.

साडी चालेल, पण तंग बाह्यांचा ब्लाउज नको. बिनबाह्यांचा सैल कुडता असल्यास दोन्ही खांदे शेजारी-शेजारी पाहून तुलना करता येते. मुद्दाम जास्तीची गोळी घेऊन जाऊ नका, कारण दुखणे दबले तर तपासणीत चित्र अपुरे दिसते. डॉक्टरांनी नेमून दिलेली गोळी मात्र चुकवू नका. ती कधी घेतली एवढे सांगा.

हात ताणताना थोडे दुखेल. ते काही वेळात ओसरले तर काळजी नाही, पण त्या रात्रीची झोप आणखी बिघडली तर पुढच्या वेळी अवश्य सांगा, कारण दुखण्याचा जोर असताना फार ताणणे अपायकारक ठरते. ‘एका झटक्यात हात मोकळा करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. घरचे व्यायाम तिथेच एकदा करून दाखवा; नुसत्या चित्रांच्या कागदावर विसंबू नका.

प्रश्न : वडिलांचे वय 72 आहे. त्यांना पेसमेकर बसवलेला असून ते गुडघेदुखीसाठी पहिल्यांदाच फिजिओथेरपीला जाणार आहेत. काही विशेष काळजी घ्यावी का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पेसमेकरचा उल्लेख वेळ ठरवतानाच करा आणि त्याचे कार्ड सोबत न्या. शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे यंत्रातील विद्युतचुंबकीय लहरींनी आतपर्यंत उष्णता देणारा, शेक त्यांना देऊ नये, आणि विजेच्या प्रवाहाचे उपचार हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गुडघ्याच्या उपचारात मुख्य भर मांडीच्या स्नायूंच्या व्यायामावर असतो, त्यामुळे यंत्राविना त्यांचे फारसे अडणार नाही. ते रोज वापरतात त्याच चपला घालून आणि तीच काठी घेऊन त्यांना जाऊ द्या. काठीची उंचीही तपासून घ्या : सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी.