डिजिटल स्कल्प्टिंगमध्ये सगळी आकृती एकाच गोळ्यातून ओढून काढायची, की वेगवेगळे आकार जोडायचे?

तुम्ही लिहिलंय की ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक गोल घेता, त्यातूनच डोकं, मान, हात ओढून काढता, आणि अर्ध्या तासात त्याचा ओबडधोबड गोळा होतो. माझे सुरुवातीचे कितीतरी महिने असेच गेले. करायला जावं गणपती आणि व्हावा मारुती. माझा तर मारुतीही धड होत नसे.

वेगवेगळे आकार घ्या, आणि ते एकमेकांत मिसळायची घाई करू नका. सुटे असेपर्यंत चूक सुधारणं म्हणजे एक तुकडा धरून सरकवणं किंवा फिरवणं. एकजीव झाल्यावर त्याच चुकीसाठी इथे खरवडा, तिथे भर घाला, मग गुळगुळीत करा, असा खटाटोप होतो. खांदा जरा खाली हवा होता हे तेव्हा लक्षात आलं की रडूच येतं.

आधी गोलाबद्दल. ऑब्जेक्ट मोडमध्ये (आकार आणायच्या-हलवायच्या मोडमध्ये) शिफ्ट आणि ए दाबून तुम्ही बहुतेक यूव्ही स्फिअर, म्हणजे पृथ्वीगोलासारख्या उभ्या-आडव्या रेषांचा गोल, घेत असणार. थ्रीडी आकाराचा पृष्ठभाग छोट्या चौकोन-त्रिकोणांचा बनलेला असतो. नेहमीच्या सेटिंगला त्याच्या दोन्ही टोकांवर ३२-३२ त्रिकोण एका बिंदूत येऊन मिळतात. तिथे ब्रश फिरला की चुणी पडते, आणि ती नेमकी टाळूवर दिसते. मी क्यूब घेतो, सबडिव्हिजन मॉडिफायरची (प्रत्येक चौकोनाचे चार करून आकार गोलसर करणाऱ्या सोयीची) पातळी ३ ठेवतो आणि तो अप्लाय, म्हणजे कायमचा लागू, करतो. ३८४ चौकोनांचा, जवळजवळ गोल असा आकार मिळतो. एवढे थोडे कसे पुरतील असं वाटेल, पण या टप्प्यावर तेच हवेत. थोड्या चौकोनांचा आकार सलग वळतो. लाखभर चौकोनांवर हात चालवलात की प्रत्येक फटकाऱ्याचा उंचवटा मागे राहतो. तुमचा गोळा ओबडधोबड होण्याचं निम्मं कारण हेच असावं.

उरलेलं निम्मं कारण ब्रशचा आकार. फक्त ग्रॅब ब्रश (पृष्ठभाग धरून ओढणारा) घ्या आणि एफ दाबून तो इतका मोठा करा की तुकड्याचा तिसरा हिस्सा तरी त्यात मावेल. कॅमेरा लांब न्या. डोक्याच्या गोलाच्या दोन्ही बाजू कानांपाशी थोड्या आत दाबा, मागचा भाग मागे ओढा. कवटी वरून पाहिली तर अंड्यासारखी असते, चेंडूसारखी नाही. मातीसारखी भर घालणाऱ्या क्ले ब्रशला अजून हातही लावू नका. सुरुवातीला सगळ्यांना तोच मोह होतो, कारण त्याने काहीतरी घडतंय असं वाटतं.

माणसाची आकृती असेल तर माझे तुकडे साधारण असे असतात: कवटीचा गोल, जबड्याचा ठोकळा, मानेचं सिलिंडर, बरगड्यांच्या पिंजऱ्याचं अंडं, कंबरेच्या हाडांचा ठोकळा, मग हातापायांची निमुळती सिलिंडरं. ते कसे बसतात याकडे बघा. मान सरळ उभी नसते, खांद्यांमधून पुढे झुकलेली निघते. पिंजरा किंचित मागे कललेला असतो आणि कंबरेचा ठोकळा पुढे, आणि दोघांच्या मध्ये जागा सोडावी लागते. ती सोडली नाही की आकृती खांबासारखी ताठ दिसते. डोळ्यांचे गोल लवकर बसवा, डोक्याच्या उंचीच्या निम्म्यावर. नवखे लोक ते हमखास वर चढवतात आणि कपाळाला जागाच उरत नाही.

अधूनमधून व्ह्यूपोर्टचं लायटिंग फ्लॅट करा, रंग काळा ठेवा आणि मॉडेल गोल फिरवा. नुसत्या काळ्या आकृतीवरून ती कोण आहे आणि कशी उभी आहे हे कळत नसेल, तर नाक-डोळे कोरून ते कळणार नाही.

दोन सापळे सांगतो, दोन्हींत मी पडलोय. एस दाबून तुकडा ताणलात की कंट्रोल आणि ए दाबून स्केल लगेच अप्लाय करा, नाहीतर ब्रश एका दिशेला जास्त ओढल्यासारखा चालतो आणि पुढे रिमेशचं (सगळा पृष्ठभाग नव्या, सारख्या चौकोनांनी पुन्हा विणण्याचं) मापही चुकतं. दुसरा सापळा सिमेट्रीचा, म्हणजे एका बाजूचं काम आपोआप दुसऱ्या बाजूला उमटवण्याचा. स्कल्प्ट मोडची सिमेट्री त्या तुकड्याच्या स्वतःच्या केंद्राभोवती चालते. बाजूला ठेवलेल्या हातावर ती वापरलीत तर दुसरा हात मुळीच तयार होत नाही. त्याच हाताच्या दोन्ही बाजू सारख्या होत राहतात. तिथे आरशासारखी प्रत करणारा मिरर मॉडिफायर लावा आणि मिरर ऑब्जेक्ट म्हणून मधला पिंजरा निवडा. स्कल्प्ट मोडमध्ये राहूनच एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायचं तर त्याच्यावर माउस नेऊन ऑल्ट आणि क्यू दाबा.

जोडायचं कधी? सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिल्यावर एकही तुकडा सरकवावासा वाटला नाही की. आधी पूर्ण संचाची प्रत काढून लपवून ठेवा. मॉडिफायर अप्लाय करा, कारण कंट्रोल आणि जे दाबून जोडताना सक्रिय तुकडा सोडून बाकीच्यांचे मॉडिफायर उडतात. एकदा माझ्या आकृतीचे डावे हात-पाय असेच नाहीसे झाले होते. मग वॉक्सेल रिमेश, ज्याने सगळे तुकडे एकजीव होतात: स्कल्प्ट मोडमध्ये आर दाबून माप ठरवायचं, कंट्रोल आणि आर दाबून चालवायचं. मूळ माप ०.१ मीटर असतं. २ मीटर उंचीच्या माणसासाठी ते फारच जाड. मी ०.०३च्या आसपास सुरू करतो. माप निम्मं केलं की चौकोन साधारण चौपट होतात, तेव्हा एकदम खाली उडी मारू नका. मापापेक्षा कमी अंतरावरची बोटं एकमेकांना चिकटतात आणि पातळ कानाला भोकं पडतात, म्हणून पंजे मी वेगळेच ठेवतो.

झेडब्रश या दुसऱ्या स्कल्प्टिंग सॉफ्टवेअरमध्ये हेच काम डायनामेश करतं; तिथे मूळ आकार आधी मेक पॉलीमेश थ्रीडीने बदलून घ्यावा लागतो, त्याशिवाय ब्रश चालतच नाही. टॅबलेटवर नोमॅड हे स्कल्प्टिंगचं ॲप वापरत असाल तर व्हॅलिडेट (आकार पक्का करायचं बटण) दाबण्याआधीच आकाराचे विभाग, म्हणजे तो किती चौकोनांचा हवा ते, ठरवून घ्या.

एकाच गोळ्यातून ओढून काढणं चूक नाही. शेपटी, शिंगं, कल्पनेतले विचित्र प्राणी यांना स्नेक हुक ब्रशने (लांब शेपटीसारखा भाग ओढून काढणाऱ्या) मजा येते. फक्त ओढल्यावर चौकोन ताणले जातात, मग रिमेश हवाच.

जोडल्यानंतर मान आणि खांद्याच्या मधली खाच क्ले स्ट्रिप्सने भरा, शिफ्ट धरून हलकेच गुळगुळीत करा. डोळे, दात आणि नखं मात्र मी शेवटपर्यंत सुटीच ठेवतो, पापणी त्या गोलावर चढवत बसवता येते म्हणून.