न्यू फॉरेस्टमध्ये ग्रॅव्हल बाइकसाठी माळरान आणि जंगल दोन्ही लागेल असा मार्ग कोणता?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच साउथॅम्प्टनला राहायला आलात, ग्रॅव्हल बाइक (कच्च्या वाटांवर चालणारी, जाड टायरची सायकल) घेतलीत, आणि गाड्यांच्या गर्दीपासून लांब, माळरानातून आणि झाडीतून जाणारा एका दिवसाचा मार्ग हवाय. माझं उत्तर सरळ आहे: फ्रिथम ते फ्रॉगम, हॅम्प्टन रिजवरून. मी गेली अकरा वर्षं दक्षिण इंग्लंडमधल्या या न्यू फॉरेस्टमध्ये सायकल चालवतेय. वर्षातून एकच दिवस मिळणार असेल, तर तो मी इथेच घालवीन.

फ्रिथम हे उत्तर भागातलं छोटं गाव आहे. तिथून वाट आधी जुन्या ओक-बीचच्या झाडीत उतरते, तळाला ओढा लागतो, मग चढ सुरू होतो. झाडं हळूहळू विरळ होतात आणि अचानक डोक्यावर नुसतं आभाळ उरतं. कड्यासारखा लांबच लांब उंचवटा, दोन्ही अंगांना उतरत गेलेलं माळरान, आणि मधोमध पिवळट मुरमाची वाट. एका बाजूने सहा-सात किलोमीटर. जाऊन-येऊन निवांत सकाळ जाते. याच उंचवट्याला लागून दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब चाचणीचं मैदान होतं. १३ मार्च १९४५ रोजी ‘ग्रँड स्लॅम’ नावाचा सुमारे दहा टनी बॉम्ब इथेच टाकून पाहिला. आज तिथे हेदर उगवलंय आणि घोडे चरतात.

हेदर म्हणजे गुडघ्याएवढी काटक झुडपं. जुलैपासून थोडी थोडी फुलतात, आणि ऑगस्टच्या मध्याला सगळं माळ जांभळं होतं. कासचं पठार ज्यांनी सप्टेंबरात पाहिलंय त्यांना लगेच ओळख पटेल. दोन्हीकडे माती नापीक, त्यामुळे अशा काटक झुडपांना आणि फुलांना जागा मिळते. दुसरं झुडूप गॉर्स, काटेरी, पिवळ्या फुलांचं. एप्रिल-मेमध्ये ऊन पडल्यावर त्याच्याजवळ सायकल थांबवा आणि वास घ्या. चक्क खोबऱ्याचा वास येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, कोणी नारळ फोडलाय की काय म्हणून.

आता जे सांगणार आहे ते मार्गाइतकंच महत्त्वाचं आहे, कारण मी स्वतः इथे चुकले होते. न्यू फॉरेस्टमध्ये खुणा केलेल्या मुरमाच्या वाटांचं जाळं दीडशे किलोमीटरच्या वर आहे. वाटा फुटतात तिथे आकडे घातलेले लाकडी खुंट असतात. मोकळ्या माळावर आणि वनखात्याच्या जंगलात सायकल या वाटांवरूनच चालवायची, बाकी पायवाटांवर नाही. मोबाइलमधली अ‍ॅपं मात्र कुठल्याही पायवाटेवरून रेघ ओढून देतात. दुसऱ्याच वर्षी एप्रिलमध्ये मी अशाच एका रेघेवर विश्वास ठेवला. वाट अरुंद होत गेली, चाक दलदलीत रुतलं, आणि डोक्यावर एक पक्षी ओरडत घिरट्या घालायला लागला. तेवढ्यात घोड्यावरून एक वयस्कर बाई आल्या. रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, तुम्ही तिच्या अंड्यांजवळ उभ्या आहात.

ती टिटवी होती. आपल्या टिटवीची इथली बहीण, डोक्यावर तुरा असलेली. माझं माहेर माण तालुक्यातलं. टिटवीनं अंडी उंचावर घातली की यंदा पाऊस चांगला, हे ऐकत मी वाढले, आणि माळावर तिचा आवाज आला की पाऊल जपून टाकायचं हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं. इथे येऊन तेच मी विसरले होते. मार्च ते जुलै टिटवी, कर्ल्यू, रातवा हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. रातवा तर वाळलेल्या पाल्यात असा मिसळतो की चाक वरून जाईपर्यंत दिसणार नाही. त्या दिवसापासून मी खुंटांची वाट सोडलेली नाही.

या माळाला मी मनात गायरान म्हणते, आणि ते बरोबरच आहे. विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास हा मुलूख शिकारीसाठी राखला, पण भोवतालच्या घरांचे चराईचे हक्क टिकून राहिले. तुम्हाला मोकळे दिसणारे हजारो घोडे जंगली नाहीत, प्रत्येकाला मालक आहे. एखाद्या घोड्याची शेपटी नीट बघा. केस पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले दिसतील. चराईची पट्टी भरली आहे आणि घोडा कोणत्या राखणदाराच्या हद्दीतला आहे, हे त्या कापण्यावरून कळतं. या राखणदारांना अ‍ॅजिस्टर म्हणतात. गुरं-घोडी चरतात म्हणूनच बर्च आणि पाइनची रोपं माळ गिळत नाहीत. शरद ऋतूत डुकरंही सोडतात, कारण ओकची हिरवी फळं घोड्यांना आणि गुरांना विषारी असतात आणि डुकरं ती आनंदाने खातात. तेव्हा ऑक्टोबरमध्ये वळणावर डुकरीण आडवी आली तर उतरून थांबा. शिंगरू वाटेत झोपलेलं असेल तरीही तसंच. घंटी वाजवू नका, लांबून वळसा घ्या, आणि खायला काही देऊ नका.

गाडी नसेल तर ब्रॉकनहर्स्टला ट्रेनने जा. लंडनच्या वॉटर्लूहून येणाऱ्यांनाही दीड तासच लागतो. फक्त गर्दीच्या वेळी सायकल चढवता येते का ते आधी बघून घ्यायचं. तिथून तीस-पस्तीस किलोमीटरची फेरी होते: राइनफील्ड, बोल्डरवुड, बर्ली, आणि जुन्या रेल्वेमार्गावरून परत. राइनफील्डची झाडं १८५९ मध्ये लावली, त्यात दोन सिक्वोया इतके उंच आहेत की शेंडा बघताना मान दुखते. बोल्डरवुडच्या आधी ए-३५ हा हमरस्ता ओलांडावा लागतो. तिथे मात्र उतरा, गाड्या वेगात असतात. परतीचा रेल्वेमार्ग १८४७ चा, १९६४ मध्ये बंद झाला. रूळ काढल्यावर सपाट, सलग वाट उरली. मुलं बरोबर असतील तर फक्त हाच तुकडा करा.

ब्रॉकनहर्स्टला ट्रेनला वेळ असेल तर गावातल्या मीरत रोडवरून एक चक्कर मारा. हो, आपलं मेरठच. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ मध्ये, फ्रान्समध्ये जखमी झालेल्या भारतीय सैनिकांना इथल्या लष्करी रुग्णालयांत आणत होते. सेंट निकोलस चर्चच्या आवारात न्यूझीलंडच्या सैनिकांच्या कबरींसोबत काही भारतीयांच्याही आहेत. मी दर वर्षी एकदा तिथे सायकल टेकवून पाच मिनिटं उभी राहते.

सायकलीबद्दल विचारलंत म्हणून: टायर ४० मिलिमीटरचे घ्या, ट्यूबलेस आणि आत भरपूर सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव. इथला मुरूम आपल्याकडच्यासारखा भुसभुशीत नाही, त्यात चकमकीच्या दगडाचे तुकडे आहेत आणि ओले असले की काचेसारखे कापतात. माझे पहिले दोन्ही पंक्चर पावसानंतरच झाले. हवा थोडी कमी ठेवा, मी सत्तर किलोच्या आसपास आहे आणि ३५ पीएसआयवर चालवते. घरी गेल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेला गोचीड चिकटलीय का ते बघायचं, अगदी न चुकता. नेच्यांमध्ये बसला असाल तर नक्कीच. इथल्या गोचिडांमुळे लाइम आजार होऊ शकतो. चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ वर ओढा. नंतर लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडाबद्दल आवर्जून सांगा.

पहिल्यांदा जाणार असाल तर ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला साधा कामाचा दिवस निवडा आणि आठच्या आधी फ्रिथमहून निघा. त्या वेळी माळावर दव असतं, हेदरवर कोळ्यांची जाळी चमकतात, आणि फ्रॉगमपर्यंत बहुधा घोड्यांशिवाय कोणी भेटत नाही. परत आल्यावर गावाच्या खालच्या अंगाला आयवर्थचं तळं आहे. १८७१ मध्ये बंदुकीच्या दारूच्या कारखान्यासाठी बांधलेलं, आता बदकांचं. डबा तिथे उघडा.